एका दाण्याने आखूड वानर

१

आमचं चित्र अजून आमच्याच घरात दोरीवर वाळत होतं, आणि र्‍योगोकु पुलाच्या तोंडाशी लोक ते विकत घेत होते.

मी मोसुके, छपाईवाला. लाकडी ठशावर कागद ठेवून वरून घोटणी फिरवायची, हे पंचवीस वर्षं करतोय. कुठलं चित्र चालेल आणि कुठलं धूळ खाईल हे मला वासावरून कळतं. हे चित्र तर अख्ख्या एदो शहराला वेड लावणार होतं. देवळात शिरून योद्ध्याने राक्षसी महावानराच्या छातीवर पाय रोवलाय, वानराचा पंजा त्याच्या गळ्याशी, आणि वानराच्या अंगावर केस कसे, तर रागाने उभे राहिलेले, एकेक वेगळा मोजून घ्यावा असे. पहिला छाप उचलला तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला होता.

तोच वानर आता मारुहान नावाच्या दुकानापुढे टांगला होता आणि माणसं एकमेकांना ढकलून पुढे घुसत होती. मी एक प्रत घेतली. केसागणिक केस तोच. फरक एवढाच, की आमच्या चित्रात खाली दोन नावं होती, चित्रकार रान्सेन आणि त्याच्या शेजारी, तशाच लहानशा चौकटीत, कोरणारा गेम्पाची. यांच्या चित्रात एकही नाव नव्हतं.

हे दुसरं नाव काय चीज होती ते सांगायला हवं. ठसा कोरणाऱ्याचं नाव चित्रावर कोण घालतो? पण आमचे प्रकाशक क्यूहेइशेठ वानराचे केस बघून असे खूश झाले, की म्हणाले, "गेम्पाचीचं नाव येऊ दे." एकसष्ट वर्षांचा म्हातारा. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं कोरली, स्वतःचं पहिल्यांदा. त्या दिवशी तो घरी गेला तो रस्त्याने हसत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी पळत दुकानात आलो तर क्यूहेइशेठच्या हातात तेच चित्र होतं आणि समोर गेम्पाचीकाका गुडघे टेकून बसला होता, मान खाली. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"माझ्या घरात साप पोसला मी," शेठ म्हणाले. "परवा दुपारी प्रकाशकांच्या संघाची बैठक आहे. तिथे तुझं नाव खोडून टाकतो. या शहरात तुला लाकडाचा तुकडासुद्धा कुणी देणार नाही."

२

आता यात शेठचं म्हणणं अगदीच खुळं नव्हतं, हीच तर पंचाईत. आमच्या धंद्यात चित्रकार पातळ कागदावर चित्र काढतो. ते ठशावर उलटं चिकटवून कोरतात, म्हणजे कोरता कोरता मूळ चित्र नाहीसंच होतं. मग उरतो ठसा, आणि त्यावरून कोरणाऱ्याने रंगांसाठी घेतलेले काळ्या रेघांचे कच्चे छाप. हे सगळं गेम्पाचीच्या घरात. नक्कल करणाऱ्याला रेघा हव्यात, आणि रेघांचा मालक गेम्पाची. शेठने सरळ हिशेब केला आणि मोकळे झाले.

काका एक शब्द बोलला नाही. मला त्याचाच राग आला. अरे बाबा, ओरड, शिव्या घाल, काहीतरी कर. पण तो असा बसला होता की जणू ऐकू येत नाही. संघाने नाव खोडलं की त्याच्या हाताला काम नाही, आणि त्याला दुसरं काही येत नाही. साधा मुळा चिरायचा तरी तो छिन्नीच शोधेल.

मी थेट ओरिकुमावशीचं घर गाठलं. ओरिकुमावशी आमच्या कागदाला सरस-तुरटीची खळ देते, छपाईआधी कागद ओलवून दाबून ठेवते. नवरा गेल्यापासून तीस वर्षं तिचे हात ओलेच. कागदाबद्दल ती बोलली की शेठसुद्धा गप्प बसतात, आणि माणसांबद्दल बोलली तर सगळेच पळतात.

ती अंगणात ब्रश चालवत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रडतोस काय बाईसारखा? आण इकडे तो चोरटा कागद. आणि आपला एक वाळलेला आण."

तिने दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली, डावी कड नि खालची कड जुळवली, आणि दोन्ही उजेडाकडे धरली. मग मला म्हणाली, "बघ." मी बघितलं. उजवीकडे चित्राभोवतीच्या दोन्ही चौकटी बरोब्बर जुळत होत्या. वर मात्र चोरांची चौकट आमच्यापेक्षा खाली संपत होती. किती, तर तांदळाच्या एका दाण्याएवढी.

"गेम्पाची सुटला," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग तिने मला शाळेतल्या पोराला शिकवावं तसं सांगितलं. आपण छापतो ते ओल्या जाड कागदावर. ओला कागद फुगतो, वाळला की आटतो, म्हणून वाळलेलं चित्र ठशापेक्षा किंचित लहान असतं. पण गेम्पाचीकडे काय होतं? पातळ कागदावरचं मूळ चित्र आणि कच्चे छाप. ते तो कोरडेच घेतो, कारण ते आटले तर रंगांचे ठसे जुळायचे नाहीत. त्यावरून नक्कल केली असती तर ती आपल्याच मापाची निघाली असती. ही लहान निघाली, म्हणजे छापून वाळलेल्या चित्रावरून केलेली आहे. आणि गेम्पाचीने छापलेलं चित्र अजून हातात धरलेलंही नाही. कोरणाऱ्याला प्रत मिळते ती विक्रीच्या दिवशी.

मी उडीच मारली. म्हटलं, चल आत्ताच्या आत्ता शेठकडे. मावशी जागची हलली नाही. ती त्या दोन कागदांकडे बघत होती आणि तिचा चेहरा पडला होता.

"थांब मोसुके," ती म्हणाली. "हे चुकीच्या बाजूने आखूड आहे."

३

मग ते प्रकरण तिने सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघेना. कागदाचे धागे एका दिशेने पडलेले असतात. आमच्या चित्रांत ते नेहमी उभे ठेवतात, तसा कागद कापायचा नियमच आहे. उभ्या धाग्यांचा कागद रुंदीत आटतो, उंचीत जवळजवळ नाही. म्हणजे आमच्या वाळलेल्या चित्रावरून नक्कल केली, तर ती रुंदीला कमी भरायला हवी. ही उंचीला कमी होती.

"म्हणजे ज्यावरून नक्कल केली त्याचे धागे आडवे होते," मी म्हणालो. "असा कागद आपल्याकडे कुठून येणार?"

"माझ्याकडून," ती म्हणाली.

नमुन्याच्या छापांची घाई होती. तीन कागद हवे होते, चांगले दोनच तयार होते. शेठ तर डोक्यावर बसलेले. तिने मोठ्या कागदाची बाजूला उरलेली पट्टी घेतली, मापात बसेना म्हणून आडवी कापली, खळ दिली आणि माझ्या गठ्ठ्यात सरकवली. मला पत्ताच नाही. मी तिन्हींवर छापलं आणि शेठना देऊन टाकलं.

तीस वर्षांत तिने असा कागद दिला नव्हता. हे संघापुढे सांगायचं म्हणजे स्वतःच्या तोंडाला स्वतःच काळं फासायचं. मी म्हटलं, मावशी, दुसरा काही मार्ग काढू. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषयच सोडला.

मी बोटांवर मोजायला लागलो. विक्रीसाठी छापलेली दोनशे चित्रं माझ्याच घरात होती, सगळी उभ्या धाग्यांची, मावशीने स्वतः मोजून दिलेली नि मोजून बघितलेली. आडवा कागद जगात एकच. तीन नमुने तिघांकडे गेले होते. एक शेठकडे, एक शेठचे मुख्य कारकून चोबेइ यांच्याकडे, आणि एक खुद्द चित्रकार रान्सेनगुरुजींकडे. या तिघांतल्या एकाने वानर विकला होता. पण मागून घ्यायचा कसा? नमुना दाखवा म्हटलं की चोर तो जाळणार.

मावशीने ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले. "आधी गप्पा मारून येऊ," ती म्हणाली.

४

चोबेइ आम्हाला बघूनच घामाघूम झाला. गोदामात दाराआड ओढून नेलं आणि न विचारताच म्हणाला, की नमुना त्याने एकदाच बाहेर नेला होता, ईलमाशाच्या खानावळीत, एका पंखेवाल्याला दाखवायला. दोन पेले झाल्यावर तिथेच विसरून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणला. शेठना सांगू नका म्हणून त्याने मावशीचे पायच धरले. मी मनात म्हटलं, सापडला. रात्रभर चित्र बाहेर, याहून वेगळं काय हवं?

मावशी बाहेर येऊन म्हणाली, "घाबरट आहे. घाबरट माणूस चोरी करतो तेव्हा इतका बोलत नाही."

शेठ तर कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. स्वतःचंच चित्र स्वतःच चोरणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, पण मावशीने त्यांनाही सोडलं नाही. तुमचा नमुना कुठाय म्हणून विचारलं. तिजोरीत, म्हणाले, आणि तिला हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रान्सेनगुरुजींकडे गेलो तेव्हा ते नाश्ता करत होते, भात, आंबवलेली सोयाबीन आणि डोळ्यांत पाणी. गेम्पाचीने असं करावं याचं त्यांना फार दुःख झालं होतं. म्हातारा माणूस, मोहाला बळी पडला, असं तीनदा म्हणाले. मीच विरघळलो. मावशीने मात्र चित्राची तारीफ सुरू केली. ती कुणाची तारीफ करते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"गुरुजी, ते केस," ती म्हणाली, "ते काढायला किती दिवस लागले हो?"

"तीन दिवस," ते म्हणाले. "एका केसाचा ब्रश करवून घेतला होता. डोळे दुखायला लागले माझे."

मावशीने हात जोडले आणि आम्ही उठलो. वाटेत गेम्पाचीचं घर लागलं. काका ओट्यावर रिकामा बसला होता, हत्यारं कापडात गुंडाळून ठेवलेली. मावशीने त्याला एकच विचारलं, की मूळ चित्रात वानराच्या अंगावर काय होतं. तो म्हणाला, राखाडी रंग. नुसता फिरवलेला. केसांची दिशा दोन-चार ठिकाणी दाखवलेली, बाकी माझ्यावर सोडलेलं, नेहमीसारखं.

"मग हे शेठना सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"चित्र तर कोरताना गेलं," तो म्हणाला. "गुरुजी म्हणतील केस होते. माझं कोण ऐकणार?"

मावशी भराभर चालायला लागली. मला तिच्या मागे धावावं लागलं. मी म्हटलं, गुरुजी कशाला करतील असं? त्यांना वानर विकायचाच असता तर नवीन चित्र काढून दिलं असतं, छापलेला नमुना कशाला दिला असता?

ती थांबली. "सगळे तेच म्हणतील असं त्यांना वाटतंय," ती म्हणाली. "म्हणून ते निवांत जेवतायत."

त्या संध्याकाळी तिने अख्ख्या गल्लीत एक आवई उठवली. मारुहानच्या दुकानात मूळ नमुनाच ठेवून घेतलाय म्हणे. ज्याच्याकडे नमुना नाही तो चोर.

५

संघाच्या बैठकीला चौदा प्रकाशक ओळीने बसले होते. गेम्पाची दाराजवळ. तीस-चाळीस कारागीर बाहेर उभे, चपलांचा ढीग पडलेला. मी आत, कागदी दाराशी होतो.

आवई कामाला आली होती. तिघेही नमुना छातीशी धरून आले. चोबेइने तर येताच तो पुढे केला, बघा बघा माझा आहे म्हणून. रान्सेनगुरुजींनी शांतपणे आपला नमुना उलगडून चटईवर ठेवला. त्यांना वाटलं, नमुना हातात आहे म्हणजे आपण सुटलो.

मावशी पुढे आली. बायका तिथे बोलत नाहीत. ती बोलली. आधी तिने आपली चूक सांगितली, आडव्या कापलेल्या कागदाची, न अडखळता, न सावरता. चौदा जणांपैकी एकाने तोंड वाकडं केलं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग आटण्याचा हिशेब सांगितला, दोन चित्रं एकमेकांवर ठेवून तो दाणाभर फरक सगळ्यांना दाखवला. एकेक जण पुढे येऊन बघून गेला. 

"आता हे तीन नमुने," ती म्हणाली. "मोसुके, दार सरकव."

मी कागदी दार सरकवलं. ऊन आत आलं. तिने शेठचा नमुना उन्हात धरला. आरपार धाग्यांच्या बारीक रेघा दिसल्या, सगळ्या उभ्या. चोबेइचा धरला. उभ्या. चोबेइ मट्कन खाली बसला आणि रडायलाच लागला. मग तिने तिसरा उचलला. 

रेघा आडव्या होत्या.

रान्सेनगुरुजी हसले. खरंच हसले. "ओरिकु, तुझ्या कागदाचं तू बघ," ते म्हणाले. "मी चित्रकार आहे. मला नक्कल द्यायचीच असती तर घरी बसून दुसरा वानर काढला असता. छापलेला कागद कुणाला देऊन मी स्वतःला अडकवून कशाला घेईन?"

बैठकीत कुजबुज झाली. शेठने मान डोलावली. मला वाटलं, संपलं, गेलं सगळं.

मावशीने मागे वळून एका कारकुनाच्या पुढचा ब्रश, शाई आणि कोरा कागद उचलला आणि गुरुजींपुढे ठेवला.

"काढा," ती म्हणाली. "वानर नको. नुसता खांदा. तळहाताएवढे केस."

गुरुजींनी ब्रश घेतला. शाईत बुडवला. कागदावर टेकवणार तेवढ्यात हात थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा थांबला. उन्हात सगळ्यांना दिसत होतं, टोकाशी शाईचा थेंब जमला आणि कागदावर पडला. मग त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"मारुहानला नुसता वानर नको होता," मावशी म्हणाली. "त्यांना केस हवे होते. ते तुमच्याकडे नव्हतेच, गुरुजी. छापलेल्या कागदावरच होते."

कुणीतरी विचारलं, का केलंत? गुरुजींनी ब्रश बाजूला सरकवला. मग म्हणाले, तीस वर्षं माझ्या चित्रांवर माझंच नाव होतं. त्या दिवशी शेठ चित्र हातात घेऊन केसांवर बोलत बसले, तासभर, आणि माझ्या योद्ध्याबद्दल एक अक्षर नाही. वर म्हणाले, त्याचंही नाव घालू. चोरीचा आळ आणून त्यांना गेम्पाचीचं नाव त्या ठशावरून घालवायचं होतं, बस्स. पुढे काय होईल याचा विचार केला नव्हता. दिवसभर गर्जणाऱ्या योद्ध्यांची चित्रं काढणारा तो माणूस आता असा बोलत होता की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल.

६

क्यूहेइशेठ तापले म्हणजे तापले. दुसऱ्याच सकाळी दुकानात मुख्य ठसा आणवला, गेम्पाचीला बसवलं आणि त्याच्या हातात छिन्नी दिली. रान्सेनला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं, बघायला. आम्ही सगळे गोळा झालो. मला गंमतच वाटत होती, खोटं कशाला बोलू.

"त्याचं नाव तासून टाक," शेठ म्हणाले. "खाली एकट्याचं तुझं राहू दे."

गेम्पाचीकाकाने ठसा मांडीवर घेतला. बोटाने रान्सेनच्या नावाच्या रेघा चाचपल्या. रान्सेन भिंतीशी उभा होता, पांढराफटक. काकाने छिन्नीचं टोक त्या नावाला लावलं. आम्ही सगळे पुढे झुकलो.

मग त्याने छिन्नी बाजूला ठेवली.

"योद्ध्याचा हा हात बघा शेठ," तो म्हणाला. "खांद्यापासून मनगटापर्यंत. असा हात मला सात जन्मांत काढता येणार नाही. मी फक्त त्याच्यामागून गेलो. केस माझे, पण वानर यांचा. नावं दोन्ही राहू देत."

शेठने खूप आदळआपट केली. काका हललाच नाही, पुन्हा तो ऐकू न येणारा माणूस झाला. शेवटी शेठने हात झटकले. रान्सेन तिथेच खाली बसला आणि ओंजळीत तोंड लपवलं. मावशीने त्याच्यापुढे पाण्याचा पेला आपटून ठेवला आणि ती कामाला निघून गेली.

मी दोन दिवस मान वर केली नाही, इतकं छापलं. विक्रीच्या सकाळी दुकानापुढे जी गर्दी झाली, तिने रस्ता अडला, एका भाजीवाल्याची गाडी उलटली, शिपायांना यावं लागलं. मारुहानचा वानर कुणी फुकट घेईना. लोक ओरडत होते, केसवाला द्या, दोन नावांचा द्या. मी आयुष्यात इतका खूश झालो नव्हतो.

रिवाजाप्रमाणे पहिली प्रत कोरणाऱ्याची. मी ती घेऊन काकाच्या घरी गेलो. त्याने हात धुतले, पुसले, मग घेतली. वानराकडे त्याने बघितलंच नाही. तो खालचा कोपरा बघत होता. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"मोसुके," तो हळूच म्हणाला, "यात मी कुठला?"

मी हसणार होतो, पण त्याच्याकडे बघितलं आणि हसू आलं नाही. काकाला वाचता येत नव्हतं. पन्नास वर्षं त्याने हजारो नावं कोरली होती, पण ठशावर सगळी उलटी. अक्षरं त्याला उलटीच ओळखीची. सरळ लिहिलेलं स्वतःचं नाव त्याने कधी बघितलंच नव्हतं.

मी त्याचं बोट धरून दुसऱ्या चौकटीवर ठेवलं. "हा," म्हटलं. "हा गेम्पाची."

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "असा दिसतो होय."